आधी वर जाऊन बघणारी बाई

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर पोलादपूरहून निघालेला एक ट्रक महाडला थांबला आणि मी वळकटी घेऊन मागच्या बाजूने वर चढलो. आत माणसं, गाठोडी, घमेली, दोन कोंबड्या, असा सगळा पसारा. बसायला जागा नव्हती म्हणून एका सपाट दगडावर टेकलो. शेजारची बाई म्हणाली, "उठा वायच. त्यावर चटणी वाटायची हाय."

तो तिचा पाटा होता. गाव सोडून चार-सहा महिने रेल्वेच्या कामावर निघालेली बाई पाटा-वरवंटा बरोबर घेऊन निघाली होती. तिचं नाव चंद्रभागा उतेकर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आसणकोंड नावाची वाडी आहे, तिथली. वय पस्तिशीच्या आसपास, उंचीने बेताची, आवाज मात्र समोरच्या डोंगरावरून हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा. तिच्या पलीकडे तिचा नवरा गोमाजी बसला होता. तो मुंबईला गिरणीत होता. संप लांबला तसा गावी परतला होता. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो ट्रकमध्ये असा बसला होता, की जणू आपण चुकून या गाडीत आलो आहोत.

मी सहदेव तांबे. महाडला चवदार तळ्याजवळ आमचं घर, वडील शिंपीकाम करायचे. मॅट्रिक होऊन सात-आठ वर्षं इकडेतिकडे कारकुनी केल्यावर मला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे हजेरी कारकुनाची नोकरी लागली होती. रोह्याच्या अलीकडे नव्या रेल्वेमार्गासाठी एका टेकडीला मधोमध छेद द्यायचं काम होतं. अशा छेदाला सगळे कटिंग म्हणायचे. आसणकोंडाची तेवीस माणसं त्या कटिंगवर जाणार होती आणि त्यांची रोजची हजेरी मी मांडणार होतो.

पहिल्या दिवशी सकाळी मी नावं पुकारली. बाविसांनी "हजर" म्हटलं. चंद्रभागेचं उत्तर कुठून तरी वरून आलं. बघतो तर ती टेकडीच्या माथ्यावर उभी. खाली मुरुमाची उभी भिंत, तीन पुरुष उंचीची, आणि तिच्या कडेपासून चार हात मागे ही बाई जमिनीकडे बघत चाललेली.

सुपरवायझर केळुसकर खालून म्हणाले, "बाई, काम खाली आहे. वर काय बघताय?"

"वर काय हाय त्ये बघाया नको? त्येच तर खाली येनार हाय."

बायका हसल्या. केळुसकरही हसले. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्याच्या आत कटिंग संपवा, असा ठेकेदाराचा तगादा रोज त्यांच्या मागे असायचा, आणि तो तगादा ते आमच्याकडे सरकवायचे, इतकंच.

कामाची रीत अशी होती. मुरुमाची भिंत वरून टप्प्याटप्प्याने कापत आणायची, असं रेल्वेच्या कागदात लिहिलेलं होतं. पण तसं केलं तर दिवस फार जातात. म्हणून भिंतीच्या पायथ्याशी कुदळींनी आत आत पोखरायचं आणि वरचा मुरूम आपल्या वजनाने खाली पडू द्यायचा. पडला की घमेल्यांनी उचलायचा. हे सगळ्यांनाच सोयीचं होतं. टोळीचा मुकादम हैबती कळंबे, हाही आसणकोंडाचाच, तो म्हणायचा, "अर्धं काम डोंगरच करून देतोय. त्याला कशाला नको म्हना?"

दुपारी जेवायला त्या पोखरलेल्या भिंतीखाली छान सावली पडायची. सगळी टोळी तिथे बसायची. चंद्रभागा मात्र पन्नास पावलं दूर, उघड्या माळावर, उन्हात भाकरी सोडायची. पहिले दोन दिवस एकटी. तिसऱ्या दिवशी तिने जवळ्याची चटणी वाटली आणि वाडगं आपल्यापुढे ठेवून बसली. कोणी मागितली की म्हणायची, "हाय की. हितं येऊन घ्या." आठवड्याभरात निम्म्या बायका पदर डोक्यावर ओढून उन्हात बसायला लागल्या. पुरुषांनी थोडे दिवस दम धरला. शेवटी गोमाजीच पहिल्यांदा ताट घेऊन निघाला. हैबती म्हणाला, "काय रं गोमा, बायकोच्या मागनं?" गोमाजी म्हणाला, "चटनीच्या मागनं."

डिसेंबरअखेर एकदा सकाळी भिंतीचा एक लहानसा लपका सुटला. फार नाही, दोन बैलगाड्या भरतील इतका. तीन घमेली आणि एक पहार गाडली गेली, आणि मैना नावाच्या पोरसवदा सुनेचा पाय घोट्यापाशी मोडला. तिला जीपमधून रोह्याला नेलं, प्लॅस्टर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी गावी पाठवलं. केळुसकर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "तांबे, मैनाच्या नावापुढे लिहा, घरगुती कारणाने गैरहजर."

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं, त्यामुळे ते खोटंही सुबक दिसत होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे सांगितलं पाहिजे, पण लिहिलं, हेही सांगितलं पाहिजे.

चंद्रभागा त्याच दुपारी केळुसकरांकडे गेली. मी तिथेच होतो.

"साहेब, वर भेग हाय. कडेपासनं चार हात मागं. आलो तवा केसाएवढी व्हती, आता बोट जातंय."

"उन्हाने तडकलंय, बाई. मुरूम घट्ट आहे."

"उन्हानं तडकलं तर समदीकडं तडकंल. ही एकच भेग हाय, आनि ती कडेसंगट चाललीय, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर."

केळुसकरांनी एका माणसाला वर पाठवलं. तो वर जाऊन विडी ओढून खाली आला आणि म्हणाला, उन्हानेच तडकलंय.

संध्याकाळी काम सुटल्यावर चंद्रभागा पाटीत शेण घेऊन टेकडी चढताना दिसली. शेजारच्या गावातल्या गोठ्यातून मागून आणलं होतं. मी कुतूहलाने मागे गेलो. तिने त्या भेगेवर तीन ठिकाणी, हातभर लांब आणि वीतभर रुंद, शेणाचं सारवण घातलं. भेग त्याखाली झाकून गेली. अंगण सारवतात तितक्याच निगुतीने तिने कडा गुळगुळीत केल्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आमच्या बापाची रीत." हात गवताला पुसत ती खाली बसली आणि सांगू लागली.

ती नऊ वर्षांची असताना श्रावणात त्यांच्या घराच्या वरच्या वरकस जमिनीत, जिथे ते नाचणी करायचे, अशीच भेग पडली होती. तिचा बाप धोंडू. त्याने तिच्यावर शेण सारवलं. सकाळी सारवण मधोमध फाटलेलं. त्याने परत सारवलं, परत फाटलं. तेव्हा त्याने कोणाला विचारलं नाही. गुरं सोडली, बायकापोरं घेतली आणि देवळात जाऊन राहिला. तिसऱ्या दिवशी दरड आली आणि रिकामा गोठा घेऊन गेली.

"मानूस येक गेलं नाय, जनावर येक गेलं नाय," ती म्हणाली. "फनसाचं झाड त्येवढं गेलं. त्येबी उभंच्या उभं घसरत खाली हैबतीच्या आज्याच्या शेतात जाऊन थांबलं. आनि म्होरच्या साली त्याला फनस लागलं. मंग भांडन. झाड आमचं, जमीन त्यांची. अजून मिटलं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या आधी ती मला हाताला धरल्यासारखी वर घेऊन गेली. तिन्ही ठिकाणचं सारवण फाटलं होतं. मधल्या पट्टीत तर माझी करंगळी जात होती. उन्हाने सुकून तडे जातात तसे बारीक, वेडेवाकडे तडे नव्हते ते. सुरीने कापल्यासारखी एकच सरळ चीर.

"बुधवारी रेल्वेचा साहेब येतो ना?" तिने विचारलं. "त्याला अर्ज लिवा."

ठेकेदाराचा पगार खाऊन ठेकेदाराविरुद्ध अर्ज लिहायचा, तोही माझ्या अक्षरात, जे अक्षर केळुसकर रोज बघत होते. मी तिला तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मैनाचं तुमी काय लिवलंय त्ये मला ठाव हाय. वाचता येत नाय, पन इचारता येतं."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खोपटात आली. मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. तिच्या टोळीतली माणसं आजवर माझ्याकडे चहा घेत नसत. कधी तहान नाही म्हणायची, कधी उपास सांगायची, आणि मीही आग्रह करत नसे. कारण जात होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. चंद्रभागेने स्वतःच कपबशी पुढे ओढली, बशीत चहा ओतला, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या दोन बायकांच्या देखत प्याली. म्हणाली, "हं, लिवा."

मी लिहिलं, "माननीय साहेबांचे सेवेशी, सविनय सादर. खाली सही करणार नम्र विनंती करतात की..." आणि वाचून दाखवलं.

"विनंती खोडा," ती म्हणाली. "दरड काय विनंती ऐकनार हाय? जे हाय त्ये लिवा. लिवा की साहेब, आमी ज्या दरडीखाली काम करतो ती हलतेय. वर येऊन बघा. खालनं पोखरायचं बंद करा, वरनं टप्प्यानं कापा. आमी मातीला भीत नाय, जलमभर मातीच उचललीय. पन मातीत पुरून घ्याया आलेलो नाय. आनि मैनाचा पाय ह्याच दरडीनं मोडला, त्येबी लिवा."

तेही लिहिलं. मग अंगठे. बायकांचे पटापट झाले. पुरुषांमध्ये गोमाजीने गिरणीतल्या पद्धतीने अशी मोठी सही केली, की निम्मा कागद त्यातच गेला. हैबती मात्र अडून बसला. "काम बंद पडलं तर ह्या बावीस तोंडांचं काय, त्ये कोन बघनार? मुकादम मी हाय."

चंद्रभागा म्हणाली, "हैबतीभाऊ, निघताना घराघरात जाऊन कोनी सांगितलं, तुमचं मानूस मी मागारी आनून देतो म्हनून? मैनाच्या सासूला काय सांगितलंस? मोडका पाय घेऊन मागारी दिली ना तिला?"

हैबतीने अंगठा पुढे केला आणि शाई लावताना म्हणाला, "फनसाचं मात्र मी सोडनार नाय." त्यावर सगळी टोळी हसली आणि त्या दिवशीचं ओझं जरा हलकं झालं.

बुधवारी रेल्वेचे इंजिनिअर जीपमधून आले. कुट्टी साहेब, केरळकडचे, बारीक, चष्मा लावलेले, हिंदी तोडकीमोडकी. केळुसकर त्यांना पुलाच्या कामाकडे नेत होते. तेवढ्यात टेकडीच्या माथ्यावरून हाक आली. आसणकोंडाहून समोरच्या डोंगरावर मारतात तशी लांब, चढत जाणारी हाक. साहेबांनी वर पाहिलं, आणि मी त्यांच्या हातात अर्ज दिला. साहेबांना मराठी वाचता येईना. म्हणून गोमाजी पुढे झाला. मुंबईत वीस वर्षं मिळवलेली सगळी हिंदी त्याने पणाला लावली.

"साब, पहाड चलता है."

"पहाड चलता है?"

"हाँ साब. रात को चलता है. सुबह गोबर फटता है."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. केळुसकर म्हणाले, सर, अडाणी लोक आहेत. पण गोबर का फाटतं, हे आता साहेबांना बघायचंच होतं. ते चढून वर गेले. चंद्रभागेने बोटाने दाखवलं. आदल्या संध्याकाळी ताजं सारवण घातलं होतं, तेही फाटलं होतं. साहेब खाली बसले, खिशातली पेन्सिल काढली आणि चिरेत सोडली. पेन्सिल पूर्ण आत गेली. परत आलीच नाही.

ते उठले तेव्हा चेहरा बदलला होता. त्यांनी टेप मागवली, भेगेची लांबी मोजली, कडेपासूनचं अंतर मोजलं. मग चंद्रभागेला हिंदीत विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. गोमाजीने सांगितलं, "इसका बाप. इंजिनिअर नहीं था, किसान था." साहेब म्हणाले, जुन्या पुलांना तडा गेला की आम्ही त्यावर सिमेंटची पट्टी मारतो आणि ती फाटते का बघतो. हे तेच आहे. फक्त स्वस्त आहे.

खाली येऊन त्यांनी कामाच्या हुकूमवहीत लिहिलं: या भिंतीखाली माणूस जाणार नाही, खालून पोखरणं बंद, वरून टप्प्याने कापणी. केळुसकरांना सही करावी लागली. तारखेचा विषय त्यांनी काढला, तेव्हा साहेब म्हणाले, तारीख मी बघतो.

टोळीला तीन दिवस बसून काढावे लागले. मग पुलाच्या बाजूला भराव टाकायचं काम मिळालं. पोखरलेल्या भिंतीपुढे दोर बांधला होता. आत बरीच हत्यारं राहिली होती, ती आणायला दोघं-तिघं निघाले की चंद्रभागा नुसती त्यांच्याकडे बघायची.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, आम्ही माळावर जेवत असताना भिंत आली. आवाज मोठा नव्हता. पोती भरलेला ट्रक रिकामा करावा तसा, पण थांबेचना. मग धूळ उठली आणि टेकडी दिसेनाशी झाली. वारा आमच्याकडेच होता. खोकत, डोळे चोळत सगळे उभे राहिले.

मला पुढचं काही सुचलं नाही. काखेत हजेरीवही होती, ती उघडली आणि नावं पुकारायला लागलो. रोज सकाळी कंटाळत पुकारायचो तीच नावं. धुळीतून एकेक "हजर" येत होतं आणि प्रत्येक "हजर"ला मी वहीत एक खूण करत होतो. हैबती कळंबे, हजर. चंद्रभागा उतेकर, हजर. गोमाजी उतेकर.

उत्तर नाही. मी परत पुकारलं. कोणीतरी म्हणालं, आत्ता तर इथेच होता. कोणी म्हणालं, पहार आणतो म्हणत होता. चंद्रभागेच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तिने हळूच ताटात ठेवला. हैबती दोराकडे धावला, आणखी चौघं त्याच्या मागे.

तेवढ्यात गावाच्या रस्त्याने एक माणूस पळत येताना दिसला. खांद्यावर न्हाव्याचा टॉवेल, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, अर्धा गाल गुळगुळीत. धुळीचा लोट बघून तो वस्तऱ्याखालून उठून पळाला होता. चंद्रभागा भिंतीखाली सापडली असेल, या भीतीने. दोघं एकमेकांसमोर येऊन थांबली. गोमाजीला धाप लागली होती.

चंद्रभागा म्हणाली, "पुसा त्ये तोंड."

आणि मग खाली बसून पदर तोंडाला लावून ती हसली की रडली, ते मला कळलं नाही. मी वहीत गोमाजीच्या नावापुढे हजर लिहिलं. मग पानं मागे उलटून मैनाच्या नावापुढचं खोडलं आणि लाल शाईने लिहिलं: कामावर असताना दरड कोसळून इजा. खाली माझी सही केली.

केळुसकरांनी ते पाहिलं. मी वाट बघत होतो. ते पडलेल्या मुरुमाच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "रोज दुपारी तिथे बसायचे ना हे सगळे?" मी म्हटलं, हो. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

त्यानंतर कुट्टी साहेबांच्या हुकमाने आमच्या हद्दीतल्या तिन्ही कटिंगांवर शेणाच्या पट्ट्या घालायच्या ठरल्या. त्याची जबाबदारी केळुसकरांवर. सुती पँट-बुशशर्टातले केळुसकर सकाळी सायकलवरून गावात गोठे हिंडायचे. मालक म्हणायचे, गाईचं देऊ, म्हशीचं देऊ, पण घमेलं परत आणा. चंद्रभागा त्यांनी आणलेलं शेण बोटाने दाबून बघायची आणि पातळ असलं तर नापास करायची. मार्चमध्ये मी चवदार तळ्याच्या मेळ्यासाठी सुट्टी मागितली, तेव्हा केळुसकर म्हणाले, "जा. पण त्या बाईंना सांगून जा, हजेरी घ्यायला कोणीतरी मोठ्या आवाजाचं माणूस लागेल." दोन दिवस तिने हजेरी घेतली, वाचता येत नसल्यामुळे तोंडपाठ, आणि क्रमही न चुकता.

मैना एप्रिलात परत आली, थोडी लंगडत. तिला पाणी वाटायचं काम दिलं. कटिंग पावसाळ्याच्या आत पूर्ण झालं नाही. पुढच्या हंगामात झालं. त्या हंगामाला मला मात्र बोलावणं आलं नाही. ठेकेदाराच्या ऑफिसात माझ्या लाल शाईची चर्चा झाली होती म्हणे. वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. बिरवाडीजवळ कारखाने उभे राहत होते. तिथे एका कारखान्यात मला टाइम ऑफिसात जागा मिळाली, लग्न झालं आणि बिरवाडीतच खोली घेतली.

दुसऱ्या वर्षापासून, मी ऐकलं, ठेकेदाराचा माणूस बोलणी करायला आला की हैबती आधी चंद्रभागेला बोलवायचा. ती विचारायची, खालून पोखरायचं का वरून कापायचं. उत्तर पटलं तर टोळी जायची. गोमाजी पुन्हा मुंबईला गेला नाही. त्याने घराजवळच्या ओढ्यावर दोन वाफे काढले आणि वांगी लावली. इस्त्रीची पँट बाजाराच्या दिवशी घालायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती मला बिरवाडीत भेटली. रस्त्याच्या कडेला गटारासाठी छातीभर खोल चर खणत होते आणि काढलेली माती अगदी कडेला रचली होती. चराच्या काठावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि आतल्या माणसांना वर यायला सांगत होती. आवाज ओळखला. तिथला मुकादम विचारत होता, "तुमी कोन? कंपनीच्या हाय का?"

"मी पोलादपूरची. एस्टीची वाट बघतेय," ती म्हणाली. "तवर ही माती मागं सरकवून घ्या. हातभर मागं. मी बगत्ये."

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सरकवा. अर्ध्या तासात माती मागे गेली, आणि तोवर पोलादपूरची एस्टीही गेली. मी तिला घरी घेऊन आलो. माझ्या बायकोने तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या आणि सुकटीचं कालवण केलं. चंद्रभागा जेवता जेवता आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. जेवण झाल्यावर हात धुऊन ती सरळ परसात गेली. बायकोने मला विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बघून येईल."